बरक्यातल्या दोन खोल्या

२९ जून, रविवार

आज मस्कतजवळच्या बरक्यात अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान यांच्यासमोर बसून हिमनद्या वितळवल्या. लॅपटॉपवर, अर्थात. पहिल्या चित्रात पांढराशुभ्र डोंगर, दुसऱ्यात तोच डोंगर अर्धा उघडा पडलेला, तिसऱ्यात आमच्या कंपनीचे उष्णता अडवणारे इन्सुलेशनचे तक्ते. मधलं सगळं मी तोंडानं जोडायचं असतं. बर्फ का वितळतो, तर हवा तापते म्हणून. हवा का तापते, तर आपण गॅस जाळून वीज करतो म्हणून. वीज कुठे जाते, तर एसीत. एसी का थांबत नाही, तर भिंती उघड्या-बोडक्या आहेत म्हणून. तेव्हा अर्बाब, तुमच्या नव्या व्हिलाला आमचे तक्ते लावा आणि हिमनद्या वाचवा. हे मी दोन वर्षं म्हणतोय. आजवर एकही हिमनदी वाचलेली नाही आणि तक्तेही फारसे खपलेले नाहीत.

अर्बाबांची हिंदी माझ्यापेक्षा बरी आहे. म्हणाले, "इक्बाल, हा डोंगर तू पाहिलायस?"

"नाही, अर्बाब."

"मीपण नाही. दोघांनी न पाहिलेल्या डोंगरासाठी मी माझ्या भिंतींना कपडे का घालू?"

झालं! मी मुळात बी. कॉम. माणूस. हर्णैचा. आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली लादी, जिथं अब्बा कामाला होते. घाबरलो की मला अब्बा आठवतात. तसंच झालं आणि मी काहीतरी बरळलो, की आमच्याकडे लादी भुशात ठेवून वर गोणपाट घालायचे, दुपारभर हलायची नाही. अर्बाबांचे वडीलही मासळीवाले. ते खुर्चीत सरळ बसले. "हे कळलं. हे आधी का नाही सांगितलंस? आता करून दाखव."

ठरलं असं: त्यांच्या व्हिलाच्या साइटवर दोन छोट्या खोल्या बांधायच्या. एक साध्या ब्लॉकची, सगळे बांधतात तशी. दुसरी आमचे तक्ते, पांढरं छत, दुहेरी काच, दाराला रबर. दोन्हीत सारखा एसी, चोवीसवर. दोन्हींना वेगळे मीटर. जुलैअखेर अर्बाब येऊन स्वतः मीटर वाचणार. आमच्या खोलीनं निम्मी वीज खाल्ली तर व्हिला आपला.

परतताना गाडीत यासिर बोलला. यासिर माझा मॅनेजर, वयानं सोळा वर्षांनी लहान, रत्नागिरीचाच, मला इक्बालभाई म्हणतो आणि वाईट बातमी देताना नुसतं भाई म्हणतो. "भाई, ही ऑर्डर नाही आली तर इन्सुलेशनचं डिपार्टमेंट ऑगस्टमध्ये बंद. व्हिसा पण मग…" पुढे तो रेडिओच्या बटणाशी खेळत बसला.

मुलगी निदा बारावीत आहे. शाळा ऑगस्टमध्ये उघडणार. मधेच उचलून तिला हर्णैला नेली तर बारावीच्या मुलीला कुठली शाळा दारात उभी करणार आहे? बायकोला, तस्नीमला, काही बोललो नाही. उगाच घाबरेल.

६ जुलै, रविवार

खोल्या उभ्या! यल्ला-यल्ला, चला-चला करून रमणनं आठवड्यात बांधून काढल्या. रमण साइटचा फोरमन, संगमेश्वरकडचा, कामाला वाघ, बोलायला त्याहून वाघ. माझ्या खोलीला पांढरा रंग चढला तेव्हा म्हणाला, "साहेब, कबर छान झालीय."

बाहेर पंचेचाळीस अंश होते. आत एसी पाच मिनिटांत गप्प झाला, त्याला कामच उरलं नाही. मी मध्यभागी उभा राहून डोळे मिटले. इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. हे तस्नीमनं वाचू नये.

दोन्ही खोल्यांना कुलूप. किल्ल्या माझ्या खिशात.

घरी आलो तर तस्नीम कपाटं आवरत होती. हिवाळ्याच्या रजया, निदाची जुनी पुस्तकं, सगळं वाटून टाकायचं चाललंय. दार्सैतमधल्या आमच्या निम्म्या बिल्डिंगला आमची भांडी पोचली असतील. उन्हाळ्यात बायकांना काय सुचेल सांगता येत नाही.

९ जुलै, बुधवार

साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद, असा इथला उन्हाळ्याचा कायदा. माणसं भिंतीच्या सावलीत पडून असतात. आज त्यांच्यातला एक म्हातारा प्लास्टरवाला उठताना तसाच खाली बसला. डोळे फिरले. रमणनं तोंडावर पाणी मारलं तर ते टाकीतलं, चहा करावा असं तापलेलं. मी काय करणार? कुलूप काढलं, त्याला माझ्या थंड खोलीत आडवा केला. अर्ध्या तासात बाबाजी उठून बसला, वर म्हणतो, "सेठ, यहाँ तो जन्नत है."

आता त्याला एकट्याला जन्नतीत ठेवून बाकीच्यांना बाहेर ठेवणं बरं दिसतं का? म्हटलं, या सगळे, बसा जेवायच्या सुट्टीत. बसल्यानं काय होतंय? खोली रिकामी असो की भरलेली, भिंत तीच. माणूस काय वीज खातो?

रमणनं माझ्याकडे जरा बघितलं. "नक्की ना, साहेब?" मी म्हटलं नक्की. तो म्हणाला, "तुमची परीक्षा, तुम्ही हेडमास्तर."

१० जुलै, गुरुवार

तुडुंब! शेजारच्या साइटवरचेही येतात. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून ऊर भरून आला. गरम खोलीकडे कुणी कुत्रं फिरकत नाही. मालाची याहून मोठी जाहिरात कोणती? फोटो काढून यासिरला पाठवला. त्यानं तीन बदाम पाठवले.

माणसं चहावाचून तळमळत होती, म्हणून घरून इलेक्ट्रिकची जुनी किटली नेऊन दिली. तस्नीमनं दोन मिनिटांत काढून दिली, वर म्हणाली, "राहू दे त्यांच्याकडेच, वजन कमी." कसलं वजन ते विचारायचं राहिलं.

१३ जुलै, रविवार

पहिल्या आठवड्याचे मीटर वाचले.

पुन्हा वाचले.

माझ्या खोलीनं साध्या खोलीपेक्षा जास्त वीज खाल्लीय. थोडीथोडकी नाही, पाव हिस्सा जास्त!

तोबा! इलेक्ट्रिशियननं तारा उलट्या जोडल्या असणार. त्याला बोलावलं, त्यानं तपासलं, तारा बरोबर. मग मीटर खराब. तोही बरोबर. मग तक्त्यांचा गोंद. रमण तिथेच किटलीतला चहा पीत उभा होता. त्याला म्हटलं, "कुणाची तरी नजर लागली." तो म्हणाला, "लागली खरी. आमच्या चाळीस डोळ्यांची." लोकांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

अर्बाबांना काय तोंड दाखवू? बर्फ वाचवायला निघालेला माणूस, आणि माझी खोली साध्या खोलीपेक्षा जास्त डोंगर वितळवतेय.

१५ जुलै, मंगळवार

जेवताना निदानं विचारलं, "अब्बा, तुमचा तो एक्सपेरिमेंट… कसा चाललाय?" तिचं मराठी उंबऱ्याशी अडखळतं, पण अब्बांशी ती मराठीच बोलते. अब्बांची इंग्रजी ऐकवत नाही म्हणून, असं तस्नीमचं मत.

मी म्हटलं झकास, आणि फोटो दाखवला. ती बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, खुर्चीवरून खाली. मला वाटलं पोरीला उन्हाळा लागला.

"अब्बा, ही किटली कुठे प्लग आहे?"

"आतच. का?"

"आणि हा राइस कुकर?"

कुकर मीही पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि हे चार्जर? आणि दाराला वीट लावलीय! अब्बा, दार उघडं आहे! एसी अठरावर आहे, बघा, इथे दिसतंय." मग तिनं मला लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं, की माणूस नुसता बसला तरी अंगातून शंभर वॅटचा दिवा जळावा एवढी उष्णता टाकतो. वीस माणसं म्हणजे वीस दिवे. ती सगळी उष्णता एसीनं बाहेर काढायची. "दुसऱ्या खोलीत कुणीच नाही. तुम्ही रिकाम्या खोलीची आणि… आणि हॉटेलची कम्पॅरिझन करताय."

दोन वर्षं मी ओमानभर उष्णतेवर व्याख्यानं देत फिरतोय आणि माणूस गरम असतो हे मला माहीत नव्हतं! बी. कॉम.च्या कुठल्याच पेपरात नव्हतं ते. किटली तर माझीच. हात माझा, किटली माझी, कपाळ माझं.

हसणं थांबल्यावर निदानं एकदम विचारलं, "हे नाही जमलं तर आपण हर्णैला जायचं ना?"

मी तस्नीमकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर ओरडून बोलता. यासिरशी बोललेलं खालच्या न्हाव्यालासुद्धा माहितीये. मी बहिणीला शाळांची चौकशी करायला सांगितलीय. दापोलीची एक शाळा बघू म्हणतेय."

म्हणजे गेले पंधरा दिवस घरातली सगळी माणसं एकमेकांना न घाबरवण्यासाठी झटत होती. रजया का गेल्या, ते आत्ता कळलं.

१७ जुलै, गुरुवार

आज मन दगडाचं केलं. सकाळीच थंड खोलीला कुलूप. रमणला सांगितलं, माझ्या मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे, महिनाअखेरपर्यंत कुणी आत जायचं नाही. तो "बरं" म्हणाला. थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

साडेबाराला सगळे भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. प्लास्टरवाला म्हातारा डोक्यावर ओलं फडकं घेऊन होता. मी कुलपावर नजर ठेवायला समोर गाडीत बसलो. गाडीचं इंजिन चालू, एसी पूर्ण, काचा वर, मागच्या सीटवर हिमनद्यांचं पोस्टर.

वीस मिनिटं बसलो असेन. मग माझी मलाच शिसारी आली. उतरलो, कुलूप काढलं आणि ओरडलो, "चला रे, या आत!" रागानं ओरडलो, जसा काही त्यांनीच मला गाडीत बसवला होता. लोक चपला काढून गुपचूप आत गेले.

निदाचं वर्ष गेलं, असं समजून घरी आलो. हे तिला सांगताना मान वर होत नव्हती. ती म्हणाली, "माणसांना बाहेर काढायचं नाहीये, अब्बा. दुसऱ्या खोलीतपण तेवढीच घाला ना. फेअर टेस्ट."

एवढं सोपं होतं! यासिरला सांगितलं, मागचे आकडे बाद धर, रविवारपासून सात दिवस नव्यानं मोजतो. तो म्हणाला, "भाई, काहीही करा, पण फोटो पाठवू नका."

२० जुलै, रविवार

सोपं नव्हतं.

किटली, कुकर, चार्जर सगळं बाहेरच्या शेडमध्ये हलवलं. दोन्ही रिमोट चोवीसवर लावून काढून घेतले. दाराच्या विटा जप्त. आता माणसं निम्मी-निम्मी करायची. रमणनं दहा जण गरम खोलीत पाठवले. पंधरा मिनिटांनी बघतो तर तिकडे दोन आणि इकडे अठरा. तिथला एसी जीव तोडून घरघरतोय, तरी छतावरून धग खाली उतरते, भिंतीला पाठ टेकवत नाही. कोण बसेल?

मी लाच देऊ केली. थंडगार लबान, म्हणजे इथलं ताक, प्रत्येकी एक बाटली. लबान पिऊन सगळे थंड खोलीत परत.

शेवटी रमण म्हणाला, "साहेब, हेडमास्तर बसला तर पोरं बसतील."

२१ जुलै, सोमवार

हेडमास्तर बसला. शर्ट काढून, बनियनवर, साडेबारा ते साडेतीन. निदाच्या हिशेबानं मी शंभर वॅट, पण माझ्या पोटाकडे बघता दीडशे धरायला हरकत नाही. शेजारी रमण. मग लाजेकाजेस्तव एक-एक करत नऊ जण आले. रोज पाळी बदलायची ठरली. पाळी सगळ्यांची बदलणार, माझी सोडून.

एक म्हणाला, "सेठ, आमची राहायची खोली अशीच आहे. रात्रीसुद्धा." मी दोन वर्षं बंगलेवाल्यांनाच तक्ते दाखवत फिरतोय, या खोल्यांकडे कधी गेलोच नाही. लाज वाटली. घाम इतका होता की तोंड लाल कशानं झालंय ते कुणाला कळलं नसेल.

घरी येऊन आंघोळीला थंड पाण्याचा नळ सोडला तर भाजलो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं, म्हणून आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्याच्यात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. गडबडीत विसरलो. अकरा वर्षं मस्कतमध्ये काढलेला माणूस!

२४ जुलै, गुरुवार

अर्बाब आज न सांगता आले.

मी गरम खोलीत बनियनवर, मांडी घालून, डोळे मिटून. दार उघडलं आणि उजेडात पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा. मला वाटलं, खलास, फरिश्ता न्यायला आला.

"इक्बाल? तू इथे काय करतोस?"

उठायला गेलो तर पायांना मुंग्या. बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही: म्हातारा, किटली, कुकर, उलटे आकडे, कुलूप, गाडी. ते ऐकत उभे राहिले. मग शेजारच्या थंड खोलीत गेले, बराच वेळ आले नाहीत. परत आले ते चपला काढून थेट माझ्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर घाम आला.

"एसी वाढव."

"हा पूर्णच आहे, अर्बाब."

"छत का एवढं तापलंय?"

"साधं आहे म्हणून."

ते रमणला म्हणाले, "माझ्या मळ्यावरच्या माणसांच्या खोल्या कशा आहेत?" रमण म्हणाला, "अशाच, अर्बाब. मीच बांधल्यात." एसी घरघरत होता.

अर्बाबांनी मला विचारलं, "चार दिवस इथे बसलास? त्या बर्फाच्या डोंगरासाठी?"

खरं तर 'होय' म्हणायला हवं होतं. कंपनीचं तेच धोरण आहे. पण डोक्यात उकडलेल्या माणसाला धोरण सुचत नाही. म्हटलं, "नाही अर्बाब. मुलगी बारावीत आहे."

"अकरावीत किती टक्के?"

"ब्याण्णव."

"माझा धाकटा तीनदा बसला," असं म्हणून ते उठले, आणि गेले. हो नाही, ना नाही. इन्शाल्लासुद्धा नाही.

२७ जुलै, रविवार

मीटर वाचले. चष्मा पुसून वाचले. निदाला फोटो पाठवून वाचून घेतले. थंड खोलीनं निम्म्याहूनही कमी खाल्लं! पहिला दिवस सोडला तर माणसं तेवढीच, तास तेवढेच. मी रमणला मिठी मारली. तो म्हणाला, "साहेब, लांबून. तुम्ही दीडशे वॅट."

आकडे अर्बाबांना पाठवले. उत्तर नाही.

३१ जुलै, गुरुवार

उत्तर आलं. व्हिला गेला. अर्बाबांच्या मुलांनी काचेचा नकाशा पास करून घेतलाय. पश्चिमेला अख्खी काच, वरपासून खालपर्यंत. दुपारी तिथे भजी तळता येतील. हिमनद्यांनो, माफ करा, मी प्रयत्न केला.

पण मळ्यावरच्या माणसांच्या सगळ्या खोल्या आणि खजुराची शेड अर्बाबांनी आम्हाला दिली. छत, भिंती, दारं. आणि साइटवरची थंड खोली कायदा असेपर्यंत दुपारी उघडी ठेवायची, किटलीसकट, असा निरोप आहे.

यासिरचं तोंड व्हिलासाठी थोडं उतरलं होतं. मग म्हणाला, "इक्बालभाई, मार्चपर्यंतचं काम झालं." तो 'भाई' नुसता म्हणाला नाही, यावरूनच मी काय ते समजलो. मार्चमध्ये निदाची परीक्षा संपते.

३ ऑगस्ट, रविवार

शाळा उद्या उघडतेय. मी मिठाई घेऊन घरी गेलो आणि जाहीर केलं की मार्चपर्यंत आपण कुठेही जात नाही.

तस्नीम रडली. मग म्हणाली रजया परत मागायच्या कशा. निदानं मला मिठी मारली. "परफेक्ट, अब्बा! मार्च इनफ आहे. एप्रिलमध्ये मी जाणारच ना पुण्याला. एन्ट्रन्सचे क्लास, मग हॉस्टेल."

हो. जाणारच. ते दोन वर्षांपूर्वीच ठरलंय, फीसुद्धा विचारून ठेवलीय. मला माहीत नव्हतं असं नाही. पण महिनाभर मी तिचं वर्ष वाचवायला पळत होतो, कुलपं लावत होतो, बनियनवर उकडत होतो, आणि हे वर्ष संपलं की ती जाणार हा हिशेब काही मी केलाच नाही. तिचं तर दापोलीतही झालं असतं. हुशार आहे, कुठेही निभावेल. हे आठ महिने तिच्यासाठी नव्हते. माझ्यासाठी होते. ती घरात असावी, माझ्या इंग्रजीला हसावी, एवढंच हवं होतं मला.

संध्याकाळी तिला फिजिक्सच्या ट्यूशनला जायचं होतं. रोज मी गाडीनं सोडतो, चार मिनिटांत पोचतो. आज म्हटलं, चालत जाऊ. बाहेर अजून भट्टी होती. ती खूश झाली, म्हणाली, "वा अब्बा! ग्लेशियर्ससाठी?"

मी म्हटलं, "हो ना, दुसरं कशाला?" आणि लांबच्या रस्त्यानं घेऊन गेलो.